सात चर्चचा कौल

पवित्र गुरुवारी पहाटे साडेपाच वाजता क्लेतो लुमायाग आपल्या जीपनीची समोरची काच चौथ्यांदा पुसत होता. काच दुसऱ्या वेळेलाच लख्ख झाली होती. पण नुसतं बसून राहणं त्याला जमत नव्हतं. अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना खोबरेल तेल आणि चेहऱ्यावर आज काही तरी होणार असा भाव. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर तो जरा विनोदीच दिसत होता.

कारण तसंच होतं. गेली अकरा वर्षं क्लेतो रोज सकाळी ओसिंगच्या बेकरीतून वीस पाव घेत असे. एकटा माणूस आणि वीस पाव. निम्मे त्याच्या कोंबड्या खात, आणि आमच्या कालुंबोय गावात त्याच्या कोंबड्यांइतक्या गुबगुबीत कोंबड्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. या अकरा वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं ते त्यानं मागच्या महिन्यात एकदाचं बोलून टाकलं. मागे रांगेत सहा माणसं उभी असताना बोलला, हे त्याला नंतर कळलं. ओसिंगनं पावाची पिशवी त्याच्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाली, "या पवित्र गुरुवारी मला सात चर्च करायची आहेत. ती झाली की सांगते."

क्लेतो तसाच घरी गेला आणि त्यानं जीपनी खोलली.

ही जीपनी, म्हणजे मागे बाकं टाकलेली लांब प्रवासी जीप, त्याच्या वडिलांच्या वेळची. कपाळावर मोठ्या लाल अक्षरांत 'पोचू की' असं रंगवलेलं होतं आणि ती पोचायचीही, फक्त केव्हा ते कुणी विचारायचं नाही, असा गावातला अलिखित करार होता. चढावर ती दम खायची, उतारावर ब्रेक लागायचे नाहीत. महिनाभर क्लेतोनं तिचे पट्टे बदलले, ऑइल बदललं, ब्रेक बसवले, चार नवे टायर घातले. एकेक बोल्ट स्वतःच्या हातानं आवळला. सात चर्च आणि आपलं लग्न यांच्यामध्ये आता फक्त ही गाडी आहे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आमच्या बेटांवर ही सात चर्च फिरायची रीत जुनी आहे आणि तिचे नियम थोडे पण पक्के आहेत. सातही एकाच दिवशी झाली पाहिजेत. संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेत, ग्लोरिया स्तोत्राच्या घंटा वाजायच्या आत झाली पाहिजेत, कारण त्या घंटा एकदा वाजल्या की ईस्टरपर्यंत मुक्या होतात. आणि सात म्हणजे सातच. सहा झाली तर काम अर्धवट, आठ झाली तर ती सहल.

सहा वाजता ओसिंग आली. डोक्यावर पांढरा रुमाल, हातात पिवळ्या बलकाच्या केकचा डबा. तिच्याबरोबर तिची मावशी तिया सेन्सिया, मेणबत्त्यांची पिशवी उराशी धरून. त्यांच्या मागे काठी टेकत लोलो पोतेन. हे निवृत्त मास्तर, ओसिंगचे आजोबा आणि पर्यायानं सगळ्या गावाचेच लोलो. त्यांच्या काखेत एक जाड वही होती. बेटावरची झाडून सारी जुनी चर्चं कोणत्या साली बांधली आणि त्यांच्या चुन्यात किती अंड्यांचा पांढरा बलक घातला, याची नोंद तिच्यात होती. शेजारपाजारची आणखी आठनऊ माणसं मागच्या बाकांवर बसली. पवित्र गुरुवारी रिकामी गाडी नेणं आमच्याकडे पाप समजतात.

पहिलं चर्च झालं तेव्हा साडेसहा वाजले होते. दुसरं सव्वासातला. क्लेतो गाडी अशी काही हाणत होता की वळणावर लोलो पोतेन यांची टोपी उडून उसात पडली.

"क्लेतो, माझी टोपी," लोलो म्हणाले.

"परत येताना घेऊ, लोलो. ती कुठं जातेय."

तिसऱ्या चर्चच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं कमी होती. इतक्या वेळेवर ती जीपनी जन्मात कुठे पोचली नव्हती. सगळे आत गेले. क्लेतो रिवाजाप्रमाणे बाहेर थांबला, ड्रायव्हर लोक गाडीपाशीच असतात. गुडघे दुखतात म्हणून तिया सेन्सियाही पायरीवर बसली आणि केळीच्या पानातला गोड भात सोडून खाऊ लागली.

"जरा सबुरीनं चालव रे," ती म्हणाली. "एवढी काय तिला लांब पाठवायची घाई झालीय तुला?"

"लांब? कुठं लांब?"

"मिलानला." तियानं घास गिळला. "हे बघ, कुणाला सांगणार नाही असा मी तिला शब्द दिलाय, तेव्हा मी काही बोलायची नाही. तिच्या बहिणीनं तिकडे बेकरी काढलीय. कागदपत्रं आलीयत. ईस्टरपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. पोरीला काही ठरवता येईना. मग तिनं देवाला कौल लावला, सात चर्च पुरी झाली तर जायचं, नाही झाली तर इथंच राहायचं. आणि तू तर सकाळपासून विमानच चालवतोयस."

क्लेतोच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते उचलायला तो वाकला आणि थोडा वेळ तसाच वाकून राहिला.

"तुम्हाला काय वाटतं, तिया? जावं तिनं?"

"मला कोण विचारतंय? गेली तर रडीन, राहिली तर तिच्याशी भांडीन." तियानं डोळे पुसले आणि पान चाटलं.

आता चार चर्च उरली होती आणि हातात सबंध दिवस होता. महिनाभर ज्या गाडीला क्लेतोनं तळहातावरच्या फोडासारखं जपलं, ती आता नुसती किल्ली फिरवली की मांजरासारखी गुरगुरत होती. त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

चौथं चर्च मालिंगिनला. रस्त्याकडेला, समुद्राच्या अंगाला, आठ हात जाडीच्या भिंतींचं. मंडळी आत गेल्यावर क्लेतोनं बॉनेट उघडलं. एखादा बोल्ट ढिला केला की काम झालं असतं, पण स्वतः आवळलेला बोल्ट ढिला करायला त्याचं मन घेईना. मग त्यानं दुसरा मार्ग काढला. पाना हातात घेतला, गाडीखाली सरपटत गेला आणि उताणा पडून राहिला. बिघाड मोठा आहे, दुपार इथंच जाणार, असं मंडळी बाहेर आली की सांगायचं.

एरवी रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस मेला तरी कुणी थांबत नाही. पण हा पवित्र आठवडा, त्यात गुरुवार, आणि सगळं बेट पुण्य गोळा करायला रस्त्यावर उतरलेलं. पाचव्या मिनिटाला एक ट्रकवाला थांबला. सातव्या मिनिटाला एका गॅरेजचा मालक थांबला, बायकोमुलांसह चर्चला निघालेला, पण हत्यारांची पेटी बरोबरच होती. त्यांच्या मागोमाग एक कोळी आला. तिघंही काही न विचारता गाडीखाली शिरले.

"काय झालंय?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"चालत नाही," क्लेतो म्हणाला.

"काय चालत नाही?"

"तेच बघतोय."

"पट्टा?"

"नवा आहे."

"ऑइल?"

"कालच घातलंय."

"मग भाऊ, हे बिघडलंय तरी कशानं?"

"म्हणून तर मी काळजीत आहे," क्लेतो म्हणाला, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

गॅरेजवाला हाडाचा कारागीर होता. बिघाड सापडेना, पण मोकळ्या हातानं बाहेर येणं त्याला अपमानाचं वाटलं. त्यानं सायलेन्सरची तीन वर्षं खडखडणारी पट्टी आवळून दिली. ट्रकवाल्यानं हॉर्न दुरुस्त केला. कोळ्यानं मागच्या दाराची कडी बसवली. मग गॅरेजवाल्यानं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"बघ, सापडलं," तो म्हणाला.

"काय होतं?"

"ते नाही सांगता यायचं. पण आता नाहीये."

तिघांनी पैसे घेतले नाहीत, वर क्लेतोच्याच पाठीवर थाप मारली. इतक्यात मंडळी बाहेर आली. ओसिंगनं रुमालाचं टोक तोंडावर धरलं होतं. आता ती मागे न बसता पुढे, ड्रायव्हरशेजारच्या जागेवर येऊन बसली.

"झाली दुरुस्त?"

"झाली."

"काय बिघडलं होतं?"

"आतलं काही तरी."

"असं होय," ओसिंग म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तिचे खांदे मधूनच हलत होते. ती मनात प्रार्थना म्हणत असावी, असं क्लेतोला वाटलं आणि तो आणखीनच घाबरला.

पाचवं चर्च सान ग्रेगोरियोचं. या गावाला सगळं बेट मान देतं. खाली दगडी आणि वर लाकडी घरं, शिंपल्यांच्या खिडक्या, चर्चसमोर फरसबंद चौक, आणि चौकात कॅमेरे घेऊन फिरणारे पाहुणे. क्लेतोनं इथं वेगळं हत्यार काढलं. प्रार्थना आटोपून मंडळी बाहेर येताच त्यानं लोलो पोतेन यांना अदबीनं विचारलं, "लोलो, मला एक सांगा. हे चर्च बांधायला अंडी साधारण किती लागली असतील?"

शेजारपाजारच्या सगळ्यांनी एकाच वेळी डोळे मिटले. हा प्रश्न विचारायचा नसतो, हे कालुंबोयमधलं शेंबडं पोरही जाणतं.

लोलोंनी वही उघडली. चुना कसा भाजत, अंडी कोणत्या गावातून किती टोपल्या येत, पांढरा बलक चुन्यात गेल्यावर उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय करायचं म्हणून आमच्या बायकांनी केक कसा शोधून काढला, असं करत करत ते चाळीस मिनिटांत पायापासून खिडक्यांपर्यंत आले. अजून घुमट, घंटाघर आणि पाद्र्यांचं घर बाकी होतं. क्लेतोच्या जिवात जीव येत चालला. या गतीनं दुपारचे तीन इथंच वाजणार होते.

"एकूण पन्नास हजार अंडी," लोलो म्हणाले. "आमच्या कालुंबोयला साठ हजार लागली होती, तो भाग वेगळा."

"साठ?" मागून आवाज आला. चर्चमधल्या जुन्या वस्तूंची देखभाल करणाऱ्या दोन्या इलुमिनादा दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या बाई, हातात किल्ल्यांचा जुडगा. "मास्तर, तुमचं चर्च आमच्या चर्चच्या अंगणात बसेल. आमच्याला एक लाख लागली. तुमच्याला साठ हजार घातली असतील तर त्याचं धिरडं झालं असेल, चर्च नव्हे."

लोलोंनी वही मिटली. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"क्लेतो," ते म्हणाले, "गाडी काढ."

"लोलो, पण घुमट राहिला की."

"या गावात मी आता पाणीसुद्धा पिणार नाही. गाडी काढ म्हणतो ना."

जेवणाला दीड तास मोडायचा क्लेतोचा बेत होता. साबुदाणा, रताळी आणि केळी घातलेली नारळाच्या दुधाची खीर त्यानं एका ओळखीच्या घरी सांगूनही ठेवली होती. लोलोंच्या मानापमानात ती राहिली. मंडळी ओसिंगच्या डब्यातले केक खात चालत्या गाडीतच जेवली आणि ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी सहाव्या चर्चच्या वाटेला लागली.

सहावं चर्च पांदायला. हे एक लहानसं बेट आहे. ओहोटीला त्याच्याकडे जाणारा वाळूचा रस्ता उघडतो आणि भरतीला बुडतो. आज तो तीन वाजता बुडणार, हे क्लेतोला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मनातल्या मनात त्या भरतीला हात जोडले. सगळ्यांना पलीकडे न्यायचं, वेळ काढायचा आणि पाणी चढू द्यायचं. मग सातवं चर्च कुठलं नि घंटा कुठल्या.

"पाणी कधी चढतं रे?" वाळूवरून जाताना ओसिंगनं विचारलं.

"आहे वेळ," क्लेतो म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होत असत. ओसिंग त्याच्या कानांकडे बघत होती.

यावेळी सगळं जमून आलं. पांदायच्या चर्चात गर्दी होती, रांग हळूहळू सरकत होती. मंडळी बाहेर आली तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि जिथून गाडी आली होती तिथं आता निळंशार पाणी चमकत होतं. त्यावर एक बगळा आरामात तरंगत्या ओंडक्यावर बसला होता.

क्लेतोनं जमेल तेवढा लांब चेहरा केला. "रस्ता गेला. चूक माझीच. आता ओहोटी लागेपर्यंत काही इलाज नाही. ओसिंग, फार वाईट वाटतंय मला."

"खरंच?" ओसिंग म्हणाली.

"फार."

तिया सेन्सियानं आकाशाकडे बघून क्रूसाची खूण केली. तिला आनंद लपवता येत नव्हता. लोलो पोतेन तेवढे संतापले होते, कारण धरलेलं काम अर्धवट सोडणं त्यांना आयुष्यात माहीत नव्हतं. एवढ्यात किनाऱ्यावर दोन मोठ्या होड्या दिसल्या. दाकितच्या चर्चातल्या संध्याकाळच्या मिस्सेसाठी त्यात फुलं आणि माडाच्या झावळ्या भरत होते. सातवं चर्च दाकितचंच होतं.

"सात चर्चवाले का तुम्ही?" होडीवाला ओरडला. "अडकलात? मग बसा की फुलांवर. रस्त्यानं दीड तास, आम्ही अर्ध्या तासात टाकतो तुम्हाला."

"नको, तुम्हाला कशाला त्रास," क्लेतो घाईनं म्हणाला.

"पवित्र गुरुवारी त्रास कसला? चला बसा."

जीपनी चर्चच्या आवारात राहिली आणि मंडळी समुद्रावर. क्लेतो होडीच्या टोकाला बसला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टाला ग्रीस, केसांतलं तेल कपाळावर उतरलेलं. ओसिंग फुलांच्या ढिगावर बसून मागे सरणाऱ्या किनाऱ्याकडे बघत होती. माड, घंटाघरं, कोळ्यांची घरं, सगळं ती एकेक करून निरखत होती. निघून जाणारा माणूस असंच बघतो, हे क्लेतोला कळलं. उद्यापासून पाव कुठून आणायचा हा प्रश्न नव्हता. सकाळी उठायचं कशासाठी, हा होता.

चार वाजून दहा मिनिटांनी होड्या दाकितला लागल्या आणि मिस्सा पाचला होती. देवानं आज ओसिंगला मिलानला पाठवायचंच ठरवलेलं दिसत होतं. आणि तेवढ्यात क्लेतोला शेवटची युक्ती सुचली.

दाकितला चौकात दोन चर्च आहेत. एक आजचं. दुसरं त्याच्या शेजारीच, तीनशे वर्षांपूर्वीचं, भूकंपात पडलेलं. आता त्याच्या तीन भिंती उभ्या आहेत, एक कमान आहे आणि गवतात बुडालेली वेदी आहे. सात होणं टळत नसेल तर आठ करून टाकावीत. आठ म्हणजे सहल.

"इकडून या," क्लेतो म्हणाला. "इकडून जवळ पडतं."

सगळे त्याच्या मागून त्या पडक्या कमानीतून आत शिरले. वेदीपाशी येताच त्यानं तिया सेन्सियाच्या कानात सांगितलं, "तिया, जुनी जागा आहे. एक मेणबत्ती लावा ना." तियानं पाहिलं, तिला काय कळायचं ते कळलं, आणि तिनं एक नव्हे, तीन मेणबत्त्या लावल्या. मग आपसूक सगळेच गुडघे टेकून बसले. ओसिंगही बसली.

तिथून नव्या चर्चात जाऊन प्रार्थना आटोपून मंडळी मागच्या ओसरीवर आली तेव्हा पाचला दहा कमी होते. क्लेतोनं घसा साफ केला.

"एक सांगू का? मी मोजत होतो. ही आठ झाली."

"सात," लोलो पोतेन म्हणाले.

"आठ, लोलो. ते पडकं धरून."

"ज्याला छप्पर नाही ते चर्च नाही. ती भिंत आहे."

"मेणबत्ती लावली मी तिथं," तिया सेन्सिया पुढे सरसावली. "तीन लावल्या. भिंतीला मेणबत्ती लावते का मी? आठच झाली. आठ म्हणजे कौल मोडला."

"सेन्सिया, तुला शाळेतही मोजता येत नव्हतं."

"मोजता येत नव्हतं, पण मेणबत्त्या दिसत होत्या."

शेजारपाजारचे लगेच दोन पक्षांत वाटले गेले. कुणी बोटं मोजली, कुणी फोनमधले फोटो काढून दाखवले. आवाज इतका चढला की चर्चचे पाद्री, फादर ग्राब्रियो, पांढऱ्या झग्यातच बाहेर आले. त्यांची स्वतःची चिंता वेगळी होती. येशूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले म्हणून आजच्या मिस्सेत फादर गावातल्या बारा माणसांचे पाय धुतात, आणि अकराच माणसं हजर होती. येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या खुर्चीवर बसायला दरवर्षीप्रमाणे कुणी तयार नव्हतं.

"घंटा वाजायची वेळ झाली आणि तुम्ही बाजार मांडलाय," फादर म्हणाले. "काय प्रकार आहे?"

लोलोंनी सगळी हकिकत सांगितली. फादरांनी क्लेतोकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हा कौल कुणी लावला होता? ज्यानं लावला, तोच मोजेल. देवाशी बोलणं त्याचं झालंय, तुमचं नाही."

सगळ्यांची तोंडं ओसिंगकडे वळली. ती खांबाला टेकून उभी होती. तिनं बोटांवर सावकाश मोजलं, एकदा थांबली, पुन्हा मोजलं.

"सहा," ती म्हणाली.

बोटं मोजणारे पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

"लोलोंचं बरोबर आहे," ओसिंग पुढे म्हणाली. "पडकं धरायचं नाही. म्हणजे सात. पण मालिंगिनचं चौथं चर्च माझं झालं नाही. तिथं मी प्रार्थनाच केली नाही. दाराबाहेर बघत होते. जीपनीखालून चार माणसांचे पाय बाहेर आले होते. तिघांचे काम करत होते. एकाचे नुसतेच हलत होते." तिनं रुमाल तोंडावर धरला, पण आता उशीर झाला होता. "मी इतकी हसले, फादर. चर्चात, पवित्र गुरुवारी. हसण्याला प्रार्थना कसं म्हणायचं?"

क्लेतोचे कान, मान आणि चेहरा, सगळंच लाल झालं. पण आत कुठं तरी काही तरी उड्या मारायला लागलं होतं. सहा. सहा म्हणजे राहणार.

लोलो पोतेन मात्र हिशेबाला बसले होते. "थांबा," ते काठी आपटून म्हणाले. "चौथं वजा केलं. ठीक. पण मग सेन्सिया म्हणते तसं पडकं चर्च जमेस धरलं, तर सहा अधिक एक सात. सात पुरी झाली."

आठवं म्हणून त्यानं जे चर्च आपल्या हातानं घातलं होतं, तेच आता सातवं होऊन बसलं होतं. पडक्या कमानीतून सगळ्यांना त्यानंच नेलं होतं. त्यानं फादरांकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि शेवटी तिया सेन्सियाकडे पाहिलं.

तियाला शाळेत मोजता येत नसेल, पण वारा कुठून येतो ते तिला नेहमीच कळत असे. "कसलं पडकं चर्च?" ती म्हणाली. "ज्याला छप्पर नाही ते चर्च नाही. मघाशी लोलोच म्हणाले ना? चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. आता काय शब्द फिरवणार आहेत?"

लोलोंनी तोंड उघडलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. एका बाजूला पुऱ्या झालेल्या सातांचा आनंद होता, दुसऱ्या बाजूला त्यांचा शब्द.

"फिरवणार नाही," ते म्हणाले. "भिंत ती भिंत. सहा."

आणि वर घंटाघरात ग्लोरियाच्या घंटा सुरू झाल्या. फादर दचकले. त्यांच्याशिवाय मिस्सा सुरू झाली होती की घंटा वाजवणाऱ्याचं घड्याळ पुढे होतं, हे पुढं कधी कळलं नाही. दुसरं घड्याळ बघत बसायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी क्लेतोच्या दंडाला धरलं. "तुझ्याएवढा धुण्यालायक पायांचा माणूस मला आज दुसरा मिळायचा नाही. चल, यहूदाची जागा रिकामी आहे."

"फादर, एक मिनिट." क्लेतो ओसिंगकडे वळला. घंटांच्या आवाजात त्याला जोरात बोलावं लागलं. "म्हणजे मिलान नाही?"

"नाही. तियानं तुला सांगितलंय, हे मालिंगिनलाच कळलं मला. बहिणीला आज रात्री कळवते, सात झाली नाहीत म्हणून."

"आणि मी विचारलं होतं ते?"

"ते सात झाली की सांगणार होते." ओसिंगनं खांदे उडवले. "झाली कुठं?"

क्लेतोचा चेहरा पडला. दिवसभर गाडीखाली लोळून, लोलोंना अंडी मोजायला लावून, भरतीला हात जोडून त्यानं स्वतःचंच उत्तर बुडवलं होतं. "म्हणजे आता पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी करू सात," ओसिंग म्हणाली. "लग्न मात्र त्याच्या आधीच उरकून टाकू. तुझ्या गाडीचा काही भरवसा नाही."

त्या संध्याकाळी दाकितच्या चर्चात बारा शिष्यांचे पाय धुतले गेले. अकरा जण मान खाली घालून गंभीर बसले होते. यहूदाला मात्र काही केल्या हसू आवरत नव्हतं.